एका बिकट रचनेची मेहनत

आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं बैठकीच्या खोलींत एक जुना पियानो आहे. घरांत तो नियमानें कोणी वाजवीत नाहीं. त्याच्यावर कुटुंबाच्या तसबिरी मांडलेल्या असतात, आणि पाहुण्यांचीं मुलें आलीं म्हणजे मन मानेल तसे त्याच्या पट्ट्यांवर हात चालवितात. मागें एकदां आम्ही त्यांच्याकडे गेलों असतां तसबिरींच्या शेजारीं स्वरलिपीचें एक जाड पुस्तक पडलेलें दिसलें. सर्गेई रॅखमानिनॉफ या रशियन संगीतकाराच्या तिसऱ्या पियानो-कॉन्चेर्तोचें तें पुस्तक होतें. पियानोच्या वाङ्मयांतील अत्यंत अवघड रचनांत हिची गणना होते, हें आम्ही ऐकून होतों.

आमची स्वतःची विद्या पेटीवर चार अभंग वाजविण्यापलीकडे गेलेली नाहीं. परंतु पाश्चात्य स्वरलिपि थोडीशी वाचतां येते. केवळ कुतूहलानें पहिलें पान उघडलें, आणि नवल असें कीं त्यावरील पियानोचा भाग आम्हांस, अडखळत कां होईना, वाजवितां आला! एक सरळ, संथ सुरावट; दोन्ही हातांनीं तीच, फक्त एका सप्तकाच्या अंतरानें वाजवावयाची. पेटीवाल्यांच्या भाषेंत सांगावयाचें तर पांढरी दोन हा सा धरावा, गंधार कोमल घ्यावा, आणि सा च्या आसपासच्या चार-पांच स्वरांच्या आवारांतच बहुतेक हिंडावें. घरांतील मंडळींनीं कौतुकानें माना डोलाविल्या. धाकटी मुलगी म्हणाली, “काका, आतां पान उलटा ना!” पान उलटलें, आणि आमची विद्या तेथेंच संपली. ती सरळ सुरावट वाद्यवृंदाकडे गेली होती, आणि पियानोच्या ओळींत काळ्या ठिपक्यांची अशी कांहीं रांग लागली होती कीं मुंग्यांचें वारूळ फुटल्याचा भास व्हावा. आम्हीं पुस्तक मिटलें व चहा मागितला.

ती फजिती आम्ही विसरून गेलों असतों. परंतु मुलांना गाणें-वाजवणें शिकविणाऱ्या आयांकडून आम्हांस नेहमीं एक प्रश्न येतो. “रोज तासभर मेहनत करूनहि मुलगी पुढें कां जात नाहीं?” या प्रश्नाचें उत्तर त्या दुसऱ्या पानांत कोठें तरी असावें असें वाटून आम्हीं या रचनेची व तिच्या कर्त्याची हकीकत मिळवून वाचली. ती जितकी संगीताची आहे तितकीच एका गृहस्थाच्या संसाराचीहि आहे, म्हणून येथें देतों.

प्रथम कॉन्चेर्तो म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. एका बाजूस सबंध वाद्यवृंद, दुसऱ्या बाजूस एकच वादक, आणि दोघांचा संवाद, कधीं झगडाहि, असा हा प्रकार आहे. रॅखमानिनॉफचा तिसरा कॉन्चेर्तो तीन भागांचा असून तो वाजविण्यास सुमारें ४० मिनिटें लागतात. या अवधींत वादकाला विसांवा असा फारच थोडा. दहाहि बोटें भरून घेतलेले स्वरसंघ एकामागून एक, तेहि एका ठिकाणीं नव्हे, तर ८८ पट्ट्यांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उड्या मारीत. आणि त्या गर्दींतून एखाददुसऱ्या बोटानें मूळ सुरावट वेगळी उठून दिसेल अशी ठेवावयाची. पहिल्या भागांत एके ठिकाणीं वाद्यवृंद गप्प बसतो आणि वादक एकटाच आपलें कौशल्य दाखवितो. याला कॅडेन्झा म्हणतात. या कॅडेन्झाचे दोन पाठ रॅखमानिनॉफनें लिहिले. एक हलका, चपळ, आणि दुसरा स्वरसंघांनीं जड झालेला. गंमत ही कीं स्वतः रचनाकारानें आपल्या ध्वनिमुद्रणांत हलकाच पाठ घेतला आहे!

यांत आणखी एक अडचण आहे ती आमच्या पेटीवाल्यांच्या चटकन् लक्षांत येणार नाहीं. पेटीची पट्टी दाबून धरली आणि भाता चालू ठेवला म्हणजे स्वर हवा तितका वेळ टिकतो. पियानोंत तसें नाहीं. पट्टी सुमारें एक सेंटिमीटर खालीं जाते; तेवढ्यांत आंतील नमद्याची हातोडी तारेवर आदळून मागें फिरते, आणि त्या क्षणापासून स्वर मावळूं लागतो. हातोडी एकदां सुटली कीं त्या स्वराचा लहानमोठेपणा वादकाच्या हातीं राहात नाहीं. म्हणजे आम्हांला सोपें वाटलेलें तें पहिलें पान खरोखरी सोपें नव्हतेंच. प्रत्येक स्वर मरत असतांना पुढचा स्वर त्याच्याच मापानें उचलून घ्यावयाचा, तेव्हां कोठें ऐकणाऱ्याला तें गाणें वाटतें. एका संगीतशास्त्रज्ञानें त्या सुरावटीचें मूळ कीव्हकडील एका जुन्या धार्मिक गीतांत दाखविलें, तेव्हां रॅखमानिनॉफनें तें मान्य केलें नाहीं. एखादा गवई गाईल तशी सुरावट पियानोवर गावी एवढाच आपला हेतु होता, असें त्याचें म्हणणें पडलें. आम्हीं मात्र त्या दिवशीं पट्ट्या नुसत्या ठोकल्या होत्या.

आतां वाचकांनीं स्वतःच्या हातावर एक लहानसा प्रयोग करून पाहावा. पंजा टेबलावर पालथा ठेवावा, मधलें बोट आंत दुमडावें, आणि मग बाकीचीं बोटें एकेक करून वर उचलावीं. अंगठा उचलेल, तर्जनी उचलेल, करंगळीहि उचलेल. अनामिका मात्र जागची हलणार नाहीं. बोटें उचलणारे स्नायु बोटांत नसून कोपराखालच्या हातांत असतात व त्यांच्या दोऱ्या मनगटावरून बोटांकडे जातात. अनामिकेची दोरी शेजारच्या बोटांच्या दोऱ्यांशीं बांधलेली असते, म्हणून तिला स्वातंत्र्य कमी. हा देहाचा धर्मच आहे. तो बळानें बदलत नाहीं. रॉबर्ट शूमन या जर्मन संगीतकारानें तरुणपणीं बोटांना बळ आणण्यासाठीं एका यांत्रिक उपकरणाचा उपयोग केला. त्याचा उजवा हात बिघडला, आणि वादक होण्याची आशा सोडून त्याला रचनेकडेच वळावें लागलें.

रॅखमानिनॉफचा जन्म १८७३ चा. घराणें एके काळीं सुखवस्तु, पण वडिलांनीं सर्व मालमत्ता उधळलेली. मुलगा विलक्षण बुद्धीचा आणि तितकाच आळशी. सेंट पीटर्सबर्गच्या संगीतशाळेंत तो अभ्यासाच्या विषयांत नापास होऊं लागला, आणि प्रगतिपत्रकांतील आंकडे बदलून घरीं दाखविण्यापर्यंत त्याची मजल गेली! तेव्हां एका नातलगाच्या सल्ल्यानें आईनें त्याला १८८५ त मॉस्को येथें निकोलाय झ्वेरेव्ह नांवाच्या शिक्षकाच्या घरीं ठेविलें. हा अगदीं आपल्याकडील गुरुगृहवास होता. झ्वेरेव्ह घरीं ठेवलेल्या शिष्यांकडून एक पैहि घेत नसे. त्यांना कपडे करी, नाटकांना नेई, परभाषा शिकवी. मात्र सकाळीं सहा वाजतां पियानोचा स्वर त्याच्या कानीं पडलाच पाहिजे. रात्रीं कितीहि जागरण झालेलें असो, तिघां शिष्यांपैकीं ज्याची पाळी असेल त्यानें सहाला बसावयाचें, यांत सूट नाहीं. रविवारीं शहरांतले मोठमोठे संगीतज्ञ जेवावयास येत, चायकोव्हस्कीसुद्धां येई, आणि मुलांना त्यांच्यासमोर वाजवावें लागे. पुढें १८८९ त गुरुशिष्यांचें भांडण झालें. शिष्याला संगीतरचना करण्यासाठीं वेगळी खोली हवी होती, गुरूला तें रुचलें नाहीं. तीन वर्षें दोघे एकमेकांशीं बोलले नाहींत. १८९२ त रॅखमानिनॉफनें परीक्षेसाठीं रचलेलें संगीतनाटक ऐकून झ्वेरेव्हनें आपल्या खिशांतील सोन्याचें घड्याळ काढून त्याच्या हातांत ठेविलें. तें घड्याळ रॅखमानिनॉफनें जन्मभर जपलें.

याच झ्वेरेव्हकडे आणखी एक मुलगा शिकावयास येत असे. त्याचें नांव अलेक्झांडर स्क्रियाबिन. पुढें दोघेहि मॉस्कोच्या संगीतशाळेंत बरोबर होते. स्क्रियाबिनचे हात लहान होते, पण ईर्ष्या मोठी. बरोबरीचा योसिफ लेव्हिन लिस्टच्या व बालाकिरेव्हच्या अवघड रचना सफाईनें वाजवितो, मग आपण कां मागें राहावें, असें मनांत धरून १८९१ च्या उन्हाळ्यांत तो त्याच रचनांच्या मागें लागला. परिणाम असा झाला कीं उजवा हात दुखावला आणि वैद्यांनीं तो पुन्हां पूर्वीसारखा होण्याची आशा सोडली. एकोणीस वर्षांचा तरुण, आणि ज्यावर सारें आयुष्य उभारावयाचें तेंच साधन गेलेलें! त्यानें आपल्या पहिल्या सोनाटाचा शेवट शवयात्रेच्या संगीतानें केला, आणि थोड्याच वर्षांत केवळ डाव्या हातानें वाजवावयाच्या दोन रचना लिहिल्या, त्या आजहि वाजविल्या जातात. सुदैवानें हात पुष्कळसा सुधारला. पण ही हकीकत वाचल्यापासून, “आमची बेबी रोज चार-चार तास बसते,” असें कोणी अभिमानानें सांगूं लागलें कीं आमचें लक्ष बेबीच्या मनगटाकडे जातें. हात दुखूं लागला असतां मेहनत वाढविणें हा उद्योग नव्हे, ती हाताची हिंसा आहे, असें आमचें स्पष्ट मत झालें आहे.

रॅखमानिनॉफचे हात उलट प्रचंड होते. सामान्य मनुष्याचा पंजा ताणून आठ, फार तर नऊ-दहा पांढऱ्या पट्ट्या आंवाक्यांत घेतो. याचा पंजा सहज बारा पट्ट्यांपर्यंत पोहोंचे. तिसरा कॉन्चेर्तो त्यानें १९०९ च्या उन्हाळ्यांत इव्हानोव्हका या खेड्यांतील कुटुंबाच्या शेतीवाडीवर लिहिला. येत्या हिंवाळ्यांत अमेरिकेचा दौरा ठरला होता. दौऱ्याची त्याला मुळींच हौस नव्हती; पण मिळालेल्या पैशांतून मोटारगाडी घेतां येईल, अशी आशा त्यानें एका पत्रांत बोलून दाखविली आहे. (मोठ्या माणसांच्या अशा साध्या इच्छा वाचल्या म्हणजे तीं माणसें जवळचीं वाटूं लागतात.) लेखन पुरें होईपर्यंत सप्टेंबर उलटत आला. कागदावर रचना तयार, पण बोटांत ती उतरलेलीच नाहीं! आणि बसावयाचें तर बोटींत. तेव्हां त्यानें एक मुका पियानो बरोबर घेतला. याला पट्ट्या असतात, तारा नसतात. दाबल्या तर आवाज येत नाहीं. अटलांटिक महासागर ओलांडतांना स्वतःचीच रचना तो या मुक्या पट्ट्यांवर घोटीत होता. ज्या मनुष्याच्या डोक्यांतून प्रत्येक स्वर निघाला, त्याच्या आंवाक्याबाहेर एकहि स्वर नव्हता, त्यालाहि तें सर्व एखाद्या विद्यार्थ्याप्रमाणें बोटांना शिकवावें लागलें. डोक्याला येणें निराळें व बोटांना येणें निराळें.

२८ नोव्हेंबर १९०९ रोजीं न्यूयॉर्क येथें वॉल्टर डॅम्रॉश याच्या संचालनाखालीं हा कॉन्चेर्तो प्रथम वाजला. पुढच्या जानेवारीच्या १६ तारखेस तो पुन्हां झाला, तेव्हां न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा संचालक होता गुस्टाव्ह मालर. मालरनें तालमींत साथीचें एकेक बारीक अंग घासून घेतलें. ठरलेली वेळ केव्हांच उलटून गेली, तरी तो थांबेना आणि वादकहि उठेनात. एवढ्या मोठ्या संचालकानें दुसऱ्याच्या रचनेच्या साथीसाठीं इतकें झिजावें, याची आठवण रॅखमानिनॉफनें पुढें कृतज्ञतेनें सांगितली. ज्याला ही रचना अर्पण केली होती तो योसेफ हॉफमन त्या काळचा अग्रगण्य वादक. त्यानें मात्र ती जाहीररीत्या कधींच वाजविली नाहीं. हॉफमनचे हात इतके लहान होते कीं स्टाइनवे कारखान्यानें त्याच्यासाठीं किंचित् अरुंद पट्ट्यांचे पियानो बनविले होते. आपल्या हाताला काय शोभतें हें ओळखण्याचें शहाणपण त्याच्यापाशीं होतें, असें आम्ही समजतों.

मग मेहनत करावी तरी कशी? याचें उत्तर अब्राम चेसिन्स या अमेरिकन वादकानें लिहून ठेविलेल्या एका प्रसंगांत सांपडतें. तो रॅखमानिनॉफला भेटण्यासाठीं हॉलिवुडमधील त्याच्या घरीं गेला. दाराशीं पोहोंचतांच आंतून पियानोचे स्वर ऐकूं आले. पण ते इतके सावकाश कीं काय वाजत आहे हेंच त्याला कळेना. कांहीं वेळ कान देऊन ऐकल्यावर उलगडा झाला कीं ही शोपांची एक अभ्यास-रचना आहे. हिच्यांत उजव्या हातानें सतत दोन-दोन स्वर एकदम अतिशय चपळाईनें घ्यावे लागतात, आणि एरव्हीं ती सुमारें दोन मिनिटांत आटोपते. चेसिन्सनें घड्याळ लावून पाहिलें. एका मात्राविभागाला जवळजवळ वीस सेकंद लागत होते! जवळजवळ तासभर तो बाहेर उभा राहिला, आणि आंतील मनुष्याची गति वाढली नाहीं. त्या वेळीं रॅखमानिनॉफ जगांतील श्रेष्ठ वादकांत मोडत असे.

ही विक्षिप्तपणाची गोष्ट नव्हे. जलद वाजवितांना बोटांच्या आघातांची संख्या सेकंदाला सोळापर्यंत जाऊं शकते, असें कार्ल लॅशली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५१ त नमूद केलें, आणि त्यावरून अनुमान काढलें कीं एक स्वर झाल्याची जाणीव मेंदूला पोहोंचून मग दुसऱ्याची आज्ञा सुटते, असें येथें होऊंच शकत नाहीं. सगळा क्रम आधींच जुळवून ठेवलेला असला पाहिजे. अर्थात् जलद वाजवितांना चूक सुधारावयास वेळच नसतो. चूक झाली तर तीहि क्रमांत बसते, आणि दहा वेळां वाजविली तर दहापट पक्की होते. संथ वाजवितांना मात्र कान ऐकतो, मनगट सैल आहे कीं आखडलें हें कळतें, अनामिकेला कोणता भार झेपतो तें समजतें. तासभर मेहनत करूनहि पुढें न जाणाऱ्या मुली बहुधा तासभर आपल्या चुकाच पाठ करीत असतात, असें आम्हांस वाटूं लागलें आहे. आपल्या गवयांनीं विलंबित लयींत एकेक स्वर लावीत बसण्याची चाल घातली, तिच्या मुळाशीं हेंच ज्ञान असावें.

अशा मेहनतीवर रॅखमानिनॉफला पुढें आपलें कुटुंब तारावें लागलें. १९१७ च्या क्रांतीनें इव्हानोव्हका गेली, मिळकत गेली. त्या डिसेंबरांत पत्नी नातालिया व दोन लहान मुली यांना घेऊन तो स्कॅन्डिनेव्हियांत कार्यक्रमासाठीं म्हणून निघाला, तो मायदेशीं परत गेलाच नाहीं. वय ४४. रचनेवर पोट भरण्याची सोय परमुलखांत नाहीं. जलशांचा वादक व्हावें तर आजवर त्यानें जाहीररीत्या मुख्यतः स्वतःच्याच रचना वाजविल्या होत्या. अपवाद म्हणजे १९१५ त स्क्रियाबिन वारल्यावर त्याच्या रचनांचे केलेले जलसे. लोकांना बीथोव्हेन, शोपां, लिस्ट ऐकावयाचे असतात. ज्या वयांत आपल्याकडील गृहस्थ पेन्शनचा हिशोब मनांत मांडूं लागतो, त्या वयांत या मनुष्यानें कोपनहेगन येथें बसून नवे पाठ घोटावयास आरंभ केला. १९१८ च्या नोव्हेंबरांत तो न्यूयॉर्कला उतरला, आणि पुढें मरेपर्यंत, म्हणजे १९४३ च्या मार्चपर्यंत, मुख्यतः वादनावरच संसार चालविला. शेवटचा जलसा मृत्यूच्या अवघ्या सहा आठवडे आधींचा आहे. रचना मात्र या पंचवीस वर्षांत फारच थोड्या झाल्या. संसारानें वादक दिला व रचनाकार बराचसा घेतला, हा सौदा जगाला किफायतीचा पडला कीं तोट्याचा, हें आम्हांस ठरवितां येत नाहीं.

तिसऱ्या कॉन्चेर्तोला त्याचा खरा वाली मिळाला तो दुसऱ्याच एका देशत्याग केलेल्या वादकांत. व्लादिमीर होरोविट्झ यानें कीव्ह येथें विद्यार्थी असतांनाच ही रचना आत्मसात् केली होती. १९२८ च्या जानेवारींत तो अमेरिकेस गेला, तेव्हां स्टाइनवेच्या इमारतीच्या तळघरांत दोन पियानो समोर ठेवून दोघे बसले. होरोविट्झनें मुख्य भाग वाजविला आणि रचनाकारानें वाद्यवृंदाच्या जागीं दुसऱ्या पियानोवर साथ केली. १९३० त होरोविट्झनें लंडन येथें या कॉन्चेर्तोचें ध्वनिमुद्रण केलें, आणि वादकांच्या मनांतली भीति हळूहळू ओसरूं लागली. १९५८ त व्हॅन क्लायबर्न हा अमेरिकन तरुण मॉस्कोची चायकोव्हस्की स्पर्धा जिंकून आला, त्यांत या रचनेचा मोठा वाटा होता. त्यानें कॅडेन्झाचा जड पाठ निवडला होता.

होरोविट्झनें १९७८ च्या सप्टेंबरांत न्यूयॉर्क येथें हाच कॉन्चेर्तो पुन्हां वाजविला. तळघरांतील त्या भेटीस पन्नास वर्षें होऊन गेलीं होतीं आणि त्याचें वय चौऱ्याहत्तर होतें. वाद्यवृंद तोच, १९१० त मालरनें ज्याच्याकडून तालमी करून घेतल्या तो न्यूयॉर्क फिलहार्मोनिक. आणि संचालक होते मुंबईस जन्मलेले झुबिन मेहता. हा कार्यक्रम दूरचित्रवाणीवरून दाखविला गेला, व त्याचें चित्रण आजहि पाहावयास मिळतें. वृद्ध वादकाचीं बोटें पट्ट्यांवर जवळजवळ सपाट असतात, शरीर हलत नाहीं, चेहरा तर मुळींच नाहीं. मध्येंच कोठें एखादा स्वर निसटतो, पण त्याचें त्याला कांहीं वाटत नसावें असें दिसतें.

त्या स्नेह्यांच्या धाकट्या मुलीला आम्हीं हें चित्रण मुद्दाम दाखविलें. वाद्यवृंदाची संथ सुरुवात झाली, आणि होरोविट्झच्या दोन्ही हातांतून, एका सप्तकाच्या अंतरानें, ती सरळ सुरावट निघाली. मुलगी पहिलें पान संपेपर्यंत लक्ष देऊन ऐकत होती. मग आमच्याकडे वळून म्हणाली, “काका, एवढें तर तुम्हांलाहि येतें!”